प्रशासकाचे राज्य आणि वाशीचा प्रश्न

मार्च महिना आला की जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मांडले जाते. मांडणारा एक, प्रश्न विचारणारे अनेक आणि मंजुरी देणारे सभागृह, अशी या विधीची रीत महाराष्ट्रात १९६२ सालापासून चालत आली आहे. धाराशिव जिल्ह्यात २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती मोडली. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले. अंदाजपत्रक तयार करणारे, सादर करणारे, त्यावर विचार करणारे आणि ते मंजूर करणारे पद एकच झाले. पंचायत समित्यांत गटविकास अधिकाऱ्यांच्या हाती तीच सत्ता आली. सुमारे साडेसोळा लाख वस्तीच्या जिल्ह्याचा हिशेब एका माणसाने स्वतःलाच सादर करावा आणि स्वतःच त्यावर समाधान व्यक्त करावे, याला लोकशाहीच्या शब्दकोशात नाव नाही. संस्थानी राजवटीच्या शब्दकोशात मात्र निश्चित आहे. १९४८ साली निजामाच्या जोखडातून सुटलेल्या या जिल्ह्याला ते शिकवण्याची गरज नव्हती.

घटनेचा शब्द या बाबतीत संदिग्ध नाही. ७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली. तिने पंचायतीची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन घातले. मुदतीपूर्वी विसर्जन झाले तरी सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. आणि येथे २०२५ साल संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, लोकनियुक्त सभागृह नव्हते. सहा महिन्यांची सवड देणाऱ्या घटनेकडून चार वर्षांची रजा कोणी मंजूर करून घेतली?

सत्ताधाऱ्यांचे उत्तर तयार असते: प्रकरण न्यायालयात होते. ते अर्धसत्य आहे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी आयोग, आकडेवारी आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा या तीन कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्राला स्पष्ट सांगितल्या. मागासवर्गीयांचे प्रतिनिधित्व हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे आणि त्यावर तडजोड होता कामा नये. परंतु माहिती गोळा करण्याचे काम सरकारचेच होते. आधीच्या आघाडीने ते रेंगाळत ठेवले. पुढे आलेल्या युतीने प्रभागांची संख्या आणि रचना बदलून वादात भर घातली. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करण्याचा आदेश दिला, आणि तेही चार महिने मतदानाविना गेले. सर्व पक्षांचे एकमत झालेले दुसरे उदाहरण शोधणे कठीण आहे. ज्यांचे नाव घेऊन हा विलंब चालला त्या मागासवर्गीयांना, स्त्रियांना आणि दलितांना या काळात एकही जागा मिळाली नाही, कारण जागाच अस्तित्वात नव्हत्या.

यात बिघडले काय, असे विचारणारा सुशिक्षित वर्ग मोठा आहे. त्याने वाशी तालुक्याकडे पाहावे. बालाघाटाच्या डोंगररांगेतला हा तालुका जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी लहानांतला. मांजरेचा काठ त्याला लाभला आहे, पण तिचे वागणे बेभरवशाचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच खोऱ्यात आणि शेजारच्या भूम-परंडा भागात असा पाऊस कोसळला की माणसे वाचवण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. सोयाबीन गेले, जनावरे गेली, नदीकाठची माती खरडून गेली.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्षाच्या जागी जिल्हा परिषदेचा अध्यक्ष बसतो. कायदा करणाऱ्यांचा हेतू उघड आहे. पूर कोणत्या वस्तीत आधी शिरतो, कोणता पूल पाण्याखाली जातो, कोणत्या शाळेत माणसे हलवता येतील, हे ज्ञान संचिकांत नसते, गावच्या माणसाजवळ असते. सप्टेंबर २०२५ मध्ये ती खुर्ची रिकामी होती. मोठ्या पुराच्या रात्री गावाच्या वतीने हक्काने बोलणारा माणूस जिल्ह्याच्या मेजावर नव्हता.

पुरानंतर ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीच्या मार्गाने ३ लाख रुपयांपर्यंत, असा त्यातला एक भाग. आकडा डोळ्यांत भरणारा आहे. पण रोजगार हमीचे काम आपोआप उभे राहत नाही. त्याला ग्रामसभेचा ठराव, कामांचा आराखडा, तांत्रिक मंजुरी आणि हजेरीपट लागतो, आणि यातल्या प्रत्येक पायरीवर पंचायत समिती असते. ती समितीच लोकांपासून तोडलेली असेल, तर ३ लाखांचा आकडा कोणाच्या शेतापर्यंत पोचणार? मोठा शेतकरी कचेरीत ओळख काढील. दोन एकरांच्या मालकाने कोणाचे दार ठोठवावे?

आता आगीचे पाहू. याच तालुक्यातील तेरखेडा गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. कोरडवाहू भागात शेतीवर वर्षभर पोट भरत नाही, म्हणून हातांनी दारूकाम धरले. तेथे वेळोवेळी स्फोट झाले, मजूर दगावले, चौकशीची घोषणा झाली, पुन्हा वाती वळल्या जाऊ लागल्या. एका वेळी १५ किलोपर्यंतच्या दारूकामाचा परवाना जिल्हाधिकारी देतात, त्यापुढील परवाना केंद्राचे स्फोटके नियंत्रण खाते देते. परवाना देणारे दोन आहेत. आग विझवणारा कोण?

येथे घटनेतच एक भगदाड आहे. नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात अग्निशमन सेवा स्पष्ट लिहिलेली आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. म्हणजे वाशी नगरपंचायतीच्या यादीत बंब आहे, पण जेथे दारू कुटली जाते त्या तेरखेड्याच्या ग्रामपंचायतीच्या यादीत तो नाही. आग शहरातच लागते, असा कायदेकर्त्यांचा समज असावा. उन्हाळ्यात कडब्याची गंजी पेटली आणि बंब येईपर्यंत बादल्यांनी लढावे लागले, हा अनुभव खेड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला आहे. हे भगदाड बुजवण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला आहे. त्यासाठी मुंबईत प्रश्न रेटणारी जिल्हा परिषद हवी. चार वर्षे तीच नव्हती.

तिसरी गोष्ट एसटीची. वाशी तालुक्यात रेल्वे नाही. धुळे-सोलापूर महामार्ग तालुक्यातून जातो, परंतु त्यावरून धावणाऱ्या मोटारी तालुक्यासाठी थांबत नाहीत. शाळकरी मुलगी, बाजारचा शेतकरी, दवाखान्याची म्हातारी, सगळ्यांची मदार लाल गाडीवर. सरकारने १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे केले, हे चांगलेच केले. पण सवलत तिकिटावर मिळते आणि तिकीट गाडीत मिळते. गाडीच गावात आली नाही तर निम्मे भाडे आणि पूर्ण भाडे यांत फरक तो काय? जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षीच्या श्वेतपत्रिकेने महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींवर गेल्याची कबुली दिली. १९५० च्या कायद्याने महामंडळाला व्यापारी तत्त्वावर चालण्यास सांगितले, आणि राज्यकर्त्यांनी त्याच्यावर समाजसेवेच्या घोषणा लादल्या. या ओढाताणीत पहिला बळी जातो तो आडगावच्या फेरीचा, कारण तिचा तोटा कागदावर दिसतो. ती फेरी बंद झाल्याने शाळा सोडलेल्या मुलीचा तोटा कोणत्याच ताळेबंदात येत नाही. आणि वेळापत्रक ठरवताना पंचायत समितीला विचारण्याचे बंधन कोणावरही नाही.

अंदाजपत्रक, आपत्ती आणि एसटी या तीन तक्रारी एकाच रोगाची लक्षणे आहेत. जिल्ह्यातला पैसा जिल्ह्याच्या हातात नाही. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः जमीन महसुलावरील उपकर आणि मुद्रांक शुल्कातला वाटा. महसूल जुन्या आकारणीवर गोठलेला, आणि जमिनीचे मोठे व्यवहार वाशीत होत नाहीत, पुण्यात होतात. गरीब जिल्ह्याचा स्वनिधी गरीबच राहणार, ही योजनाच तशी आहे. उरलेला पैसा वरून, योजनेचे लेबल लावून येतो. जिल्हा नियोजन समितीचे निदान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडावेत, असे घटना सांगते. निवडणारेच नसताना पालकमंत्री आणि अधिकारी हीच समिती उरते. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानातला दहा टक्के वाटा जिल्हा परिषदेचा आणि दहा टक्के पंचायत समितीचा. ते अनुदान लोकनियुक्त संस्थांसाठी आहे, हे ठाऊक असूनही निवडणूक टाळली गेली. नीती आयोगाने २०१८ मध्ये या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ ठरवले, २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. मधल्या काळात जिल्ह्याची आकांक्षा विचारायला मात्र कोणी आले नाही.

प्रशासकाच्या काळात काम वेगाने होते, सदस्य हे ठेकेदारांचे भागीदार असतात, असा एक युक्तिवाद मध्यमवर्गात लोकप्रिय आहे. त्यातला दुसरा भाग पुष्कळदा खरा असतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जिल्हा परिषदांनी स्वतःची प्रतिष्ठा स्वतःच्या हातांनी घालवली. परंतु ठेकेदार सदस्याला पाच वर्षांनी घरी बसवता येते, विषय समितीत विरोधक त्याचे बिंग फोडू शकतो. बंद खोलीत झालेल्या मंजुरीचे बिंग फोडायला खोलीत दुसरा कोणीच नसतो. वेगाचे म्हणाल, तर दंडुक्याचा वेग नेहमीच मतपेटीपेक्षा जास्त असतो. १९७५ साली गाड्या वेळेवर धावतात म्हणून ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनाही पुढे त्याची किंमत कळली.

डॉ. लोहियांनी ग्राम, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरच्या राज्याची कल्पना मांडली होती. अशोक मेहता समितीने १९७८ साली जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा पहिला टप्पा मानावा, अशी शिफारस केली. केरळाने १९९६ पासून योजनेतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा खालच्या संस्थांकडे सोपवून हे शक्य असल्याचे दाखवले. महाराष्ट्र एकेकाळी या वाटेवर पुढे होता. आज तो आपल्याच १९६१ च्या कायद्याच्या मागे आहे.

मतदान झाले म्हणजे सगळे पदरात पडले, असे कोणी समजू नये. निवडून येणाऱ्यांना वाशीच्या मतदाराने चार प्रश्न विचारले पाहिजेत. प्रशासककाळातील तिन्ही अंदाजपत्रके ग्रामसभांपुढे वाचून दाखवणार का? अग्निशमनाचा विषय पंचायतींच्या कक्षेत आणण्याचा ठराव करून तेरखेड्याजवळ कायम बंब मागणार का? एसटीची फेरी पंचायत समितीच्या संमतीशिवाय बंद होणार नाही, असा नियम मिळवणार का? आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली नाही तर सभागृहाबाहेर रस्त्यावर उतरणार का? या प्रश्नांची उत्तरे जाहीर सभेत, नावानिशी घ्यावीत. लोकांचे राज्य चार वर्षे हरवले आणि गावोगावच्या चावडीवर त्याची दवंडीही पिटली गेली नाही. पुन्हा ते हरवू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे नाही, वाशीच्या मतदाराचे आहे.