बदली एकाची, नुकसान दुसऱ्याचे

अमेरिकेत स्वस्त उच्च शिक्षणाचे दार म्हणजे कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांत साधारण 60 क्रेडिट्स मिळवून असोसिएट पदवी घ्यायची, मग विद्यापीठात उरलेली 60 पूर्ण करून पदवीधर व्हायचे. सैनिकांच्या अनेक पत्नी हाच रस्ता धरतात. पण दोन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो, घर दुसऱ्या राज्यात हलते आणि शिक्षण अर्ध्यावर अडते.

क्रेडिट्स उघडपणे नाकारली गेली असती तर निदान भांडता तरी आले असते. होते असे की, नवे कॉलेज ती स्वीकारते, पण ऐच्छिक विषय म्हणून. पदवीसाठी सक्तीचे विषय तसेच उरतात. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत पदवीसाठी शासनव्यवस्थेची 6 क्रेडिट्स लागतात आणि त्यात टेक्सासच्या राज्यघटनेचा अभ्यास आलाच. दुसऱ्या राज्यात राज्यशास्त्र शिकून आलेली विद्यार्थिनी ती कुठून आणणार? वॉशिंग्टन राज्यातील कम्युनिटी कॉलेजे क्वार्टर पद्धतीने चालतात. तिथली 3 क्रेडिट्स सेमिस्टरच्या कॉलेजात 2 होतात. केमिस्ट्रीचे एकच क्वार्टर करून निघालेलीला तो विषय बहुधा पहिल्यापासून करावा लागतो.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 मध्ये कॉलेज बदलणाऱ्या सर्वच विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. सरासरी 43 टक्के क्रेडिट्स वाया गेली होती. ज्यांना बदली नाकारण्याची सोयच नाही, त्यांच्यासाठी हा आकडा अधिक जाचक आहे.

काहीच केलेले नाही असे नाही. 2008 च्या कायद्याने सैनिक कुटुंबांना सरकारी कॉलेजांत स्थानिकांइतकीच फी लागते. शाळकरी मुलांसाठी सर्व 50 राज्यांचा करार आहे. पण तो बारावीला संपतो. सैनिकाने लष्करात घेतलेले प्रशिक्षण क्रेडिटच्या भाषेत मांडणारे अधिकृत गुणपत्रकही आहे. म्हणजे बराकीतल्या प्रशिक्षणाचे मोल ठरवता येते, मात्र त्याच सैनिकाच्या पत्नीने वर्गात बसून, परीक्षा देऊन मिळवलेल्या गुणांचे ठरवता येत नाही! शिवाय सैनिकाने आपल्या जीआय बिलाची 36 महिन्यांची मदत पत्नीच्या नावे केली असेल, तर तोच विषय पुन्हा शिकण्यात तेही महिने खर्ची पडतात.

अभ्यासक्रम ठरवण्याचे स्वातंत्र्य कॉलेजांना हवेच, हे मान्य. पण फ्लोरिडाने आपल्या सरकारी कॉलेजांत विषयांना समान क्रमांक देऊन दाखवले आहेत. एका राज्यात जमते ते राज्याराज्यांत का जमू नये? संरक्षण खात्याचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजावर एक अट घालावी: प्रवेशाआधी, फी भरण्याआधी, कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला जाईल हे लेखी द्यावे. आणि मान्यताप्राप्त कॉलेजात इंग्रजी, गणित यांसारखे पायाभूत विषय पूर्ण झाले असतील, तर ते एकगठ्ठा मान्य करावेत.

आपल्याकडे 2021 पासून क्रेडिट बँक आली आहे. लग्नानंतर गाव बदलल्यामुळे कॉलेज सुटलेल्या मुलींना ती खरोखर उपयोगी पडू शकते. पण खात्यात क्रेडिट जमा असणे वेगळे आणि नव्या विद्यापीठाने ते पदवीत मोजणे वेगळे. अभ्यासक्रमाची प्रत, गुणपत्रक, तासांचा तपशील हे सगळे तिने गाव सोडण्यापूर्वीच हाती घ्यावे. नंतर ते मागायला पुन्हा तेवढ्या लांब कोण पाठवणार?