तेलाच्या टाक्या आणि निजलेली घंटा

पावसाळा तोंडावर आला म्हणजे महापालिकेस नाले आठवतात, रेल्वेस रुळांवर साचणारे पाणी आठवते आणि नागरिकांस छत्र्या आठवतात. माहूल-तुर्भ्याच्या किनाऱ्यावरील तेलाच्या अजस्र टाक्यांची आठवण मात्र कोणास होत नाही. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी जवाहर द्वीपावरील डिझेलच्या टाकीवर वीज कोसळली आणि ती आग विझविण्यास सुमारे तीन दिवस लागले. मुंबईने दुरून धूर पाहिला. धूर ओसरताच विषयही ओसरला. हे विस्मरण या शहरास परवडणारे नाही.

अशी टाकी म्हणजे केवळ पोलादी पिंप नव्हे. पेट्रोलच्या पृष्ठभागावर तरंगणारे छप्पर असते, म्हणजे वाफ साचण्यास जागा उरत नाही. पातळी मोजणारे एक यंत्र असते. ते फसलेच तर ऐनवेळी घंटा वाजवून आवक तोडणारी दुसरी, सर्वस्वी स्वतंत्र कळ असते. बुडाशी असलेल्या झडपा दूरच्या नियंत्रण-कक्षातून मिटता याव्यात, अशी योजना असते. एवढे करूनही तेल बाहेर पडलेच, तर भोवतालच्या बंधाऱ्याने ते पोटात घ्यावयाचे असते. कागदावर ही तटबंदी अभेद्य दिसते.

प्रत्यक्षात काय घडते? लंडनच्या उत्तरेस बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे एका टाकीत पेट्रोल भरले जात होते. पातळीचा काटा मध्येच अडकून बसला. टाकी भरत राहिली, काटा हलला नाही. दुसरी कळ होती, परंतु तिच्या चाचणीची दांडी योग्य जागी जखडून ठेवणारे कुलूप कोणी बसविलेच नव्हते. ते कुलूप केवळ कोणी छेडछाड करू नये म्हणून असावे, असा समज! अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल वरून सांडले, त्याचे धुके पसरले आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून जीवितहानी टळली. ४३ माणसे मात्र जखमी झाली. बंधाऱ्यांच्या सांध्यांतून तेल व आग विझविणारा फेस जमिनीत झिरपला, तो निराळाच.

हे परदेशातले झाले, असे म्हणून हात झटकण्याची सोय आम्हांस उरलेली नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सायंकाळी जयपूरनजीक सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या आगारात शेजारच्या आगाराकडे पेट्रोल सोडण्याची तयारी चालू असता एका झडपेच्या उघड्या तोंडातून पेट्रोलचे कारंजे उसळले. जवळचा कामगार वाफेने निकामी झाला, त्याच्या मदतीस धावलेल्या अधिकाऱ्याचीही तीच गत झाली. नियंत्रण-कक्षात एक कळ दाबून हा प्रवाह थांबविता आला असता. पण ती व्यवस्था कित्येक वर्षे बंद पडलेली होती. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. मग स्फोट झाला, ११ टाक्या पेटल्या, सुमारे ११ दिवस जळत राहिल्या आणि कित्येक माणसे प्राणास मुकली. एम. बी. लाल यांच्या चौकशी समितीचा अहवाल वाचला म्हणजे मन विषण्ण होते, कारण त्यात नवलाचे असे काहीच नाही. यंत्र मोडले होते, ते सर्वांस ठाऊक होते आणि तरीही काम चालू होते.

बंद पडलेली घंटा ही नसलेल्या घंटेहून घातक होय, कारण ती आहे या भरवशावर माणसे निर्धास्त राहतात.

आता पावसाकडे येऊ. बंधारा तेल अडवितो तसे पाणीही अडवितो. म्हणून त्यास निचऱ्याची झडप ठेवावी लागते. ती सदैव बंद असावी आणि पाणी तपासून, माणूस उभा करून तेवढ्यापुरतीच उघडावी, हा नियम. मुसळधार पावसात रात्रपाळीच्या माणसाने ती उघडली आणि सकाळी मिटावयाची राहिली, तर तो बंधारा राहत नाही. भोक पडलेली भिंत होते. पुराचे पाणी तेलास कोठवर नेते, हे डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईच्या एन्नोर खाडीतील कोळ्यांनी भोगले आहे. माहूलच्या खाडीकाठीही कोळी राहतात.

तेल उद्योगाचे सुरक्षा संचालनालय १९८६ पासून मानके लिहीत आहे. ती चांगली आहेत. परंतु संचालनालय ज्या मंत्रालयाचे, सरकारी तेल कंपन्याही त्याच मंत्रालयाच्या. घरच्याच माणसाने घरच्यांस जाब विचारावयाचा, हा प्रकार आम्हांस पटत नाही. तपासनीस त्रयस्थ असावा. मोडलेली कळ दुरुस्त होईपर्यंत ती टाकी भरूच नये, व हा निर्णय माल पोहोचविण्याची घाई असलेल्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर सोडू नये. आणि प्रत्येक आगाराने, पहिला पाऊस पडण्यापूर्वी, आपल्या कोणत्या टाकीची घंटा शेवटची कधी वाजवून पाहिली ती तारीख वेशीवरील फलकावर लिहावी. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसास ती वाचता आली पाहिजे.