हळदीचा थाट आणि लग्नाचा हेतु

पनवेल व भोंवतालच्या गांवांत लग्नसराई सुरू झाली कीं हळदीच्या रात्रीं मांडवामांडवांतून गजर उठतो. तो ऐकून आनंद मानावा कीं चिंता करावी, हें विचारण्याची वेळ आली आहे असें आम्हांस वाटतें.

आगरी समाजाच्या जुन्या चालीप्रमाणें धवलारीण मांडवांत येई, धवले गाई आणि तिच्या गाण्याबरोबर एकेक विधि पार पडे. पुरोहितावांचून लग्न अडत नसे. १८७३ सालीं जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें भटजीशिवाय व अल्प खर्चांत लग्न लावून दाखविलें, त्यापूर्वींच ही वाट आमच्या बायाबापड्यांस ठाऊक होती. आज पुष्कळ ठिकाणीं त्याच धवलारिणीचा आवाज डीजेच्या भिंतींखालीं दडपून जातो.

निरनिराळ्या लोकांचे विवाहविधि पाहण्यास आम्हां पनवेलकरांस परदेशीं जाणें नको. मुसलमान बांधवांच्या निकाहांत साक्षीदारांसमक्ष संमति घेतात आणि वधूला मेहर ठरते. ती तिची स्वतःची मालमत्ता होय. येथील बेने इस्राएल मंडळींच्या लग्नांत कतुबा नामक करारपत्र असतें. त्यांत पत्नीविषयींचीं पतीचीं कर्तव्यें लिहिलेलीं असतात. हिंदूंची सप्तपदी घ्या. जेथें ती विधीचा भाग आहे, तेथें १९५५ च्या कायद्याप्रमाणें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. उभयतांची संमति, चार साक्षी आणि पुढील आयुष्याचें वचन, एवढाच या सर्वांचा गाभा आहे. यांपैकीं कोणत्या विधीस कर्ज काढावें लागतें?

१९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि पुढें येथील भातशेती व मिठागरें नव्या शहराखालीं गेलीं. जमिनीचें मोल एकदांच हातीं येतें. तें एका हळदींत उधळलें तर पुढच्या पिढीस ना शेत, ना भांडवल. शिवाय ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, तोहि शेजाऱ्याच्या मांडवाकडे पाहून सावकाराचा उंबरठा झिजवितो. हुंडा १९६१ च्या कायद्यानें निषिद्ध ठरला. पण मुलीच्या बापावर पडणारा थाटाचा बोजा हा हुंड्याचाच सख्खा भाऊ नव्हे काय?

आमचे व्यापारी बंधु म्हणतील, "खर्च झाला तरच बाजार चालतो." परंतु एका रात्रींत रिकामें झालेलें घर पुढें पांच वर्षें दुकानाची पायरी चढत नाहीं, हें उधारीची वही ठेवणारास आम्हीं सांगावयास नको.

आनंद करूं नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. गांवकीनें बसून हळदीच्या खर्चाची मर्यादा ठरवावी, धवलारिणीस पुन्हां मानानें बोलवावें, लग्नाची नोंदणी वेळींच करावी आणि वांचलेला पैसा नवदंपतीच्या नांवें ठेवावा. आरंभ मात्र ऐपतवाल्यांनीं करावा. गरिबानें साधेपणा केला तर लोक त्यास नड म्हणतात. श्रीमंतानें केला तर तीच रीत होते.