आधी केबल पाहा, मग स्क्रीन आणा

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घरी बसून त्या तीन-चार दुकानांचे हिशेब लिहितात, जीएसटीची विवरणपत्रे भरतात. लॅपटॉप सात-आठ वर्षांचा आहे. त्याच्या स्क्रीनवर एक उभी हिरवी रेघ उमटली ती काही जाईना. घरच्यांचे म्हणणे, "आता नवाच घे." पण मशीन उत्तम चालते आहे आणि नव्याला लागतील ते पैसे मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला काढलेले. तेव्हा स्क्रीनच बदलावी, आणि बदलायचीच तर जास्त स्पष्ट, 'फुल एचडी' बसवता येईल का, असे त्या विचारतात. शेवटी हळूच लिहिले आहे, "हे माझे मला जमेल का हो?"

हाताचे काम नक्की जमेल. शिवणयंत्राची बॉबिन केस काढून, साफ करून ज्यांनी परत बसवली आहे, त्यांना यात जड जाण्यासारखे काही नाही. अवघड आहे ती खरेदी. म्हणून आज खरेदीबद्दलच जास्त लिहिते.

पहिल्याने दोष स्क्रीनचाच आहे ना, ते ठरवा. लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवरही तीच रेघ दिसली तर बिघाड आतल्या मदरबोर्डात आहे, नवी स्क्रीन आणून उपयोग नाही. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर लॅपटॉपचे झाकण हळूहळू पुढे-मागे करून बघा. झाकणाबरोबर रेघ येत-जात असेल तर बहुधा बिजागरीतून जाणारी केबल पिचलेली असते, आणि केबल स्क्रीनपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. रेघ जागची हलत नसेल तर मात्र स्क्रीन गेली, असे धरून चालावे. लॅपटॉप वॉरंटीत असला तर इथेच थांबून कंपनीला फोन करा बरं का. स्क्रू काढायला जाऊ नका.

आता हे 'फुल एचडी' म्हणजे काय? स्क्रीनवरचे चित्र रांगोळीसारखे ठिपक्यांचे असते. साध्या स्क्रीनवर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे एकूण साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. फुल एचडीत १९२० आणि १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या घरात. स्क्रीन तीच १५.६ इंची, पण एका इंचात १०० ठिपके मावत होते तिथे १४१ मावतात. हिशेबाच्या तक्त्याच्या चार रांगा आणि दोन-तीन रकाने जास्त दिसतात, सारखे सरकवावे लागत नाही. दिवसभर आकडे वाचणाऱ्या बाईला हे सुख लहान नव्हे.

परंतु इथेच मेख आहे. दुप्पट ठिपक्यांची माहिती मदरबोर्डपासून स्क्रीनपर्यंत पोचवायची, तर वाटही तेवढी रुंद हवी. ही वाट म्हणजे बिजागरीतून जाणारी बारीक केबल. जुन्या लॅपटॉपमध्ये, साधारण २०१२-१३ पर्यंतच्या, एलव्हीडीएस नावाची पद्धत असे आणि जोडणीला ४० पिना. पुढे ईडीपी आली, तिला बहुधा ३० पिना. या दोन्ही एकमेकींत बसत नाहीत. ४० पिनांची जुनी जोडणी निघाली तर मोठ्या स्क्रीनचा हट्ट सोडावा आणि होती तशीच आणावी, हे माझे स्पष्ट मत. ३० पिना असल्या तरी एवढ्यावर हुरळून जाऊ नका. काही साध्या मॉडेलांत कंपनीने केबलमध्ये एकच मार्गिका टाकलेली असते. साध्या स्क्रीनला ती पुरते, फुल एचडीला दोन लागतात. एकेरी रुळांवर दुहेरी वाहतूक कशी चालणार? नवी स्क्रीन लावली की ती काळी राहते किंवा चित्र फुटते, आणि आपल्याला वाटते दुकानदाराने फसवले. अशा वेळी केबलसुद्धा दोन मार्गिकांची घ्यावी लागते.

हे आधी कळायचे कसे? सोपी खूण सांगते. तुमचेच मॉडेल कंपनीने फुल एचडी स्क्रीनसकट विकले होते का, ते पाहा. विकले असेल तर मदरबोर्ड बहुतेक तोच असतो, फरक केबलचा. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका फुकट मिळते. काही पुस्तिकांत सुट्या भागांचे क्रमांकही छापलेले असतात. साध्या स्क्रीनची केबल आणि फुल एचडीची केबल यांचे क्रमांक एकच असले तर तुमचे नशीब थोर! वेगळे असले तर तो दुसरा क्रमांक वहीत उतरवून घ्या. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' नावाचे पोर्टल सुरू केले, ते याच विचाराने: दुरुस्तीची माहिती गिऱ्हाइकाला मिळावी.

पुस्तिका वाचून झाली की चौकट उघडून स्क्रीनच्या पाठीवरची चिठ्ठी वाचायची. चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि बॅटरी काढा. बॅटरी आत असेल तर तळाचे झाकण उघडून तिची जोडणी सोडवा. हे टाळू नका. स्क्रीनच्या उजेडाचा प्रवाह त्याच छोट्या जोडणीतून जातो. चालू विजेवर धातूचा स्पर्श झाला तर मदरबोर्डवरचा इवलासा फ्यूज उडतो आणि नवी स्क्रीनही अंधारीच राहते. हातातल्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या. नायलॉनपेक्षा सुती कपडे बरे. काढलेले स्क्रू ठेवायला मिसळणाच्या डब्याच्या रिकाम्या वाट्या घ्या: एका वाटीत चौकटीचे, दुसरीत स्क्रीनचे. लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर तो आरपार जातो.

चौकटीचे स्क्रू रबरी टिकल्यांखाली लपलेले असतात. ते काढल्यावर जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने चौकट उचकटा. टक्‌टक्‌ आवाज येतील, घाबरू नका. सुरी किंवा उलथणे नको. स्क्रीनचे स्क्रू काढून ती कीबोर्डवर पसरलेल्या मऊ टॉवेलवर पालथी निजवा. पाठीवर चिठ्ठी दिसेल. उदाहरणार्थ, 'एलपी १५६ डब्ल्यूएच' म्हणजे एलजीची १५.६ इंची साधी स्क्रीन. त्याच घराण्यातली फुल एचडी 'एलपी १५६ डब्ल्यूएफ'. चिठ्ठीचा, जोडणीचा, स्क्रीनच्या कडांना असलेल्या पत्र्याच्या कानांचा फोनवर फोटो घ्या. कान कुठे वरखाली असतात, कुठे डाव्या-उजव्या बाजूला, आणि काही स्क्रीनना नसतातच; तेही जुळायला हवेत. बोटस्पर्शाच्या स्क्रीनवर काच चिकटवलेली असते, तिच्या वाटेला घरी जाऊ नये.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी सगळे जुन्याच नावाने विचारतात. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरायचे. तिथे जलद गाडी थांबत नाही, तेव्हा बोरिवली-अंधेरीकरांनी धीमी गाडी धरावी. मुलुंड-घाटकोपरकरांनी दादरला बदलावी. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. "लग जाएगा, मॅडम," हे वाक्य तिथे फार स्वस्त आहे. फोटो पुढे करा, पिना मोजायला लावा आणि केबलचा क्रमांक दाखवा. टीएन आणि आयपीएस अशा दोन जाती आहेत. आयपीएसच घ्या, बाजूने पाहिले तरी चित्र काळवंडत नाही. खिडकीसमोर बसून काम करत असाल तर चकचकीत काचेपेक्षा मॅट बरी. बिलावर पॅनेलचा नंबर आणि किती दिवसांत बदलून देणार ते लिहून घ्या. आणि काही झाले तरी दुपारीच परता! संध्याकाळच्या विरार गाडीत स्क्रीनचा पापड व्हायला दोन स्टेशनेसुद्धा लागणार नाहीत. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधून, छातीशी उभी धरून आणा.

बसवण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे. जोडणीवरची चिकटपट्टी सोडवा, पत्र्याची कडी असेल तर उचला आणि जोडणी स्क्रीनच्या पाठीला समांतर, सरळ मागे सरकवा. वर ओढू नका. नवी स्क्रीन तशीच सरळ जोडा. केबल बदलायची असेल तर तळ उघडून तिचा जुना रस्ता फोटोत टिपा, नाहीतर ती बिजागरीत चेपते. स्क्रू पिळायच्या आधी बॅटरी जोडून, स्क्रीन हाताने सांभाळून, मशीन एकदा चालू करा. स्क्रीन आपली ओळख मशीनला आपणच देते, वेगळे काही टाकावे लागत नाही. एकदा पूर्ण पांढरे, एकदा पूर्ण काळे चित्र लावून मेलेले ठिपके शोधा. सगळे ठीक दिसले की मशीन बंद करा, पुन्हा बॅटरी सोडवा, आणि मग चौकट बसवा.

चालू केल्यावर पहिली तक्रार येईल: "अगं बाई, अक्षरे किती बारीक!" विशेषतः चाळिशी लागलेल्यांची. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली प्रमाण १२५ टक्के करा. अक्षरे जवळजवळ पहिल्याएवढी होतात, पण कडा रेखीव राहतात. जागेचा फायदा त्यामुळे बराच कमी होतो, हेही सांगून ठेवते. ज्यांना रकाने जास्त हवेत त्यांनी १०० वरच ठेवून चष्मा पुसावा. बॅटरी किंचित लवकर उतरेल.

जुनी स्क्रीन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ती ई-कचऱ्यात जाते. केबलची खात्री होईपर्यंत तर ती मुळीच टाकू नका. नवीच्या खोक्यात घालून, वर नंबर लिहून, आठवडाभर कपाटावर ठेवा. मधेच काही अडले तर रेघेसकट का होईना, तीच परत लावून महिन्याअखेरचे विवरणपत्र भरता येते.