साखरेऐवजी गूळ

मंडळी, आज जरा स्वयंपाकघरातलं बोलणार आहे. आणि थोडं स्वतःच्या चुकीबद्दलही.

रावेरकडचा माझा एक जुना विद्यार्थी केळीची बाग करतो. दर उन्हाळ्यात तो एक घड आणून ओट्यावर ठेवतो. "बाई, घरची आहेत, नाही म्हणायचं नाही." नाही कशी म्हणणार? पण घरात आम्ही दोघं म्हातारी माणसं आणि बाहेर आमच्या जळगाव जिल्ह्यातलं ऊन! शिकरण झालं, शेजारीपाजारी फण्या वाटून झाल्या, तरी मागच्या उन्हाळ्यात डझनभर केळी काळी पडत चालली होती.

नात सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आजी, टाकू नकोस. बनाना ब्रेड करू या." 2020च्या लॉकडाऊनमध्ये म्हणे जगभर घरोघरी हाच पदार्थ चालला होता. मूळचा तो अमेरिकेतला. 1930च्या दशकात, मंदीच्या काळात, तिकडच्या पाककृतींच्या पुस्तकांत तो दिसू लागला. म्हणजे जास्त पिकलेलं केळं फेकवत नाही, या गृहिणीच्या जुन्याच दुखण्यावरचा हा उपाय. हे कळल्यावर मला तो एकदम आपला वाटू लागला.

नातीने मोबाईलवर कृती वाचायला सुरुवात केली. मैदा... नाही. अंडं... आमच्याकडे येत नाही. लोणी... नाही. बेकिंग पावडर... संपली. अक्रोड... ते कुठून आणायचे? ओव्हन... नाही. ती मोबाईल खाली ठेवून म्हणाली, "मग राहू दे."

मी म्हटलं, "राहू दे काय? ऐवजी काय चालेल ते बघू."

मैद्याऐवजी कणीक घेतली. कणकेतला कोंडा पाणी जास्त ओढतो, म्हणून दोन चमचे दूध वाढवलं आणि मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवलं. फार घोटलं नाही, नाहीतर ब्रेड चिवट होतो. एका अंड्याऐवजी पाव कप दही. लोण्यात साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी बहुतेक पाणी, म्हणून तेल त्याच्या पाऊणपटच घेतलं. बेकिंग पावडरीऐवजी खायचा सोडा, पण एका चमच्याच्या जागी पाव चमचा. पावडरीत आंबट भाग आधीच मिसळलेला असतो. नुसत्या सोड्याला तो बाहेरून द्यावा लागतो, आणि ते काम दह्याने केलं. (अनेक वर्षांपूर्वी मी केकमध्ये पावडरीइतकाच सोडा घातला होता. साबण खाल्ल्यासारखं झालं होतं!) अक्रोडाऐवजी भाजलेले शेंगदाणे. ओव्हनऐवजी कुकर, तळाला मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून. पाऊण तासाने सुरी खुपसून पाहिली, कोरडी निघाली. नातीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

काही लोक म्हणतात, इतकं बदलल्यावर तो बनाना ब्रेड राहिलाच कुठे? मला हे पटत नाही. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा आणि मिरची, तिन्ही मूळची दक्षिण-मध्य अमेरिकेतली. कधीतरी कुणीतरी कशाच्या तरी जागी ती वापरली असतील, आणि आज त्यांच्याशिवाय आपली एकादशी होत नाही. अदलाबदल म्हणजे पदार्थाचा अपमान नव्हे. स्वयंपाक जिवंत राहतो तो तिच्यामुळेच.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता चुकीचं सांगते.

साखरेऐवजी मी गूळ घातला होता, चांगला वाटीभर. आमच्या यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. चहाबरोबर ताटली त्यांच्यापुढे ठेवत मी म्हटलं, "घ्या बिनधास्त, यात साखर नाही." बिचाऱ्यांनी किती दिवसांनी काही गोड मनसोक्त खाल्लं! चार तुकडे. दोन तासांनी त्यांनी घरच्या यंत्रावर साखर तपासली आणि एक शब्द न बोलता ते यंत्र माझ्यापुढे धरलं. 290.

"अगं, तू तर म्हणालीस साखर नाही."

"नाहीच. गूळ आहे."

नात माझ्याकडे बघतच राहिली. मलाही माझं उत्तर ऐकू आलं, आणि लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गुळात बहुतांश साखरच असते, रंग आणि चव तेवढी वेगळी. थोडी खनिजं असतात, पण म्हणून रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. शिवाय केळं पिकतं तसं त्यातल्या पिठाची साखर होत जाते, आणि आमची केळी तर काळी पडलेली होती. कणीकही आलीच. म्हणजे मी गूळ घातलाच नसता, तरी "बिनधास्त" हा शब्द खोटाच ठरला असता.

शाळेत असताना गणिताचे सर रजेवर गेले की मुख्याध्यापक मला त्यांच्या वर्गावर पाठवायचे. मी मराठीची बाई. गोष्टी सांगून वर्ग शांत ठेवायचे. मुख्याध्यापक खूश, मुलंही खूश. पण त्रैराशिक राहूनच जायचं. सरांच्या जागी मी उभी होते, सरांचं काम मी करत नव्हते. माझ्या गुळाचं अगदी तसंच झालं. गोडी, रंग, ओलसरपणा ही साखरेची कामं त्याने उत्तम केली. पण मला खरं तर साखर टाळायची होती, आणि ते काम गूळ करूच शकत नव्हता.

'ऐवज' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ मोबदला, बदल्यात दिलेली वस्तू. आज आपण तो दागदागिन्यांसाठी, मौल्यवान चीजवस्तूंसाठी वापरतो. बदल्यात द्यायची ती वस्तूही मोलाचीच हवी, असं मला त्यावरून वाटतं. नुसती जागा भरून चालत नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे. अदलाबदल जरूर करावी. पण आधी विचारावं, मूळ जिन्नस इथे काय काय काम करत होता? आणि आपण तो कशासाठी बदलतो आहोत? घरात नाही म्हणून, की कुणाच्या तब्येतीसाठी? घरात नाही म्हणून बदललं आणि चुकलं, तर फार तर ब्रेड बसेल. तब्येतीसाठी बदललं आणि चुकलं, तर माणूस बसतो. हल्ली 'गुळाची' म्हणून बिस्किटं आणि चॉकलेटं निर्धास्तपणे विकली आणि खाल्ली जातात, ती पाहिली की मला आमचं ते यंत्र आठवतं.

आणि शेवटचं. जे बदललं ते खाणाऱ्याला सांगावं. दाण्याचं कुणाला वावडं असतं, अंडं कुणाला चालत नाही. आपल्या हुशारीचं कौतुक नंतर झालं तरी चालेल.

ब्रेड अजूनही होतो आमच्याकडे. गूळ निम्मा घालते, आणि यजमानांना एकच पातळ तुकडा, तोही त्यांच्या जेवणातली पोळी कमी करून. ते मात्र आता हुशार झालेत. ताटली हातात घेण्याआधी विचारतात, "यात कशाऐवजी काय आहे?"

मी सगळं सांगते. मगच ते खातात.