प्रेस्टनची ख्रिस्तमंदिरे आणि आपले घाईचे निदान

इंग्लंडमधील ख्रिस्तमंदिरे बंद पडत असल्याची वार्ता आली, की 'श्रद्धा आटली' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. या निदानात आत्मसंतोष पुष्कळ आहे, अभ्यास मात्र नाही. लँकेशायरमधील प्रेस्टन या एका गिरणगावाकडे जरी पाहिले, तरी ते टिकत नाही.

१७९१ च्या कायद्याने कॅथलिकांना उघड उपासनेची मुभा मिळाली आणि दोनच वर्षांत येशूसंघीयांनी तेथे संत विल्फ्रेडचे मंदिर उघडले. कापडगिरण्यांची धुराडी वाढली तशी धर्मग्रामे वाढली : संत इग्नेशियस १८३६, संत ऑगस्टिन १८४०, संत वॉलबर्गा १८५४, इंग्लिश मार्टर्स १८६७. हे सारे आयर्लंडच्या दुष्काळाचे देणे, असेही सर्रास सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी सनावळी पाहावी. यांतील पहिली तीन मंदिरे १८४५ च्या दुष्काळापूर्वीची आहेत. छळाच्या काळातही लँकेशायरच्या अनेक खेड्यांनी जुना धर्म सोडला नव्हता. त्यांचीच लेकरे गिरण्यांत आली. आयरिश बांधवांनी पुढे मोलाची भर घातली, हे खरे.

संत वॉलबर्गाचा आराखडा जोसेफ हॅन्समचा (घोडागाडीचा 'हॅन्सम' तोच!). १८५३-५४ च्या टाळेबंदीत गिरणी कामगारांच्या चुली थंड होत्या, त्याच दिवसांत हे मंदिर उभे राहत होते. पुढे अमेरिकेच्या यादवीमुळे कापूस थांबला. मुंबईचे व्यापारी गब्बर झाले, प्रेस्टन उपाशी राहिले. तरीही यादवी संपल्यावर काही वर्षांतच ३०९ फुटांचा मनोरा पुरा झाला. रुळांखालचे जुने दगड त्याला वापरले गेले.

ही मंदिरे पायी येणाऱ्यांसाठी होती. गिरण्या गेल्या, कामगारांची घरे पाडली गेली, कुटुंबे उपनगरांत पांगली. मग एवढी विशाल मंदिरे कोणी भरावीत? श्रद्धा क्षीण झालीच नाही, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या वस्तीचा पोटापाण्याचा आधारच गेला, तिच्यावर अश्रद्धेचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

आणि 'ओस' तरी कशाला म्हणायचे? २०१४ अखेर बंद झालेले संत इग्नेशियसचे मंदिर २०१५ मध्ये केरळहून आलेल्या सिरो-मलबार श्रद्धावंतांना मिळाले; २०१६ मध्ये ते संत अल्फोन्सांच्या नावाने कॅथेड्रल झाले. संत वॉलबर्गामध्ये २०१४ पासून ख्राइस्ट द किंग संस्थेचे धर्मगुरू लॅटिन मिस्सा अर्पण करीत आले आहेत. प्रेस्टनविषयी सुस्कारे टाकणाऱ्यांनी या दोन वेदींचीही दखल घ्यावी.