धुऱ्यावरचा पाचवा माणूस

पेरणी तोंडावर आली की खामगावच्या तहसील कचेरीत धुऱ्याची आणि पांदणीची भांडणं येऊ लागतात. कुणी धुरा कोरला, कुणी बैलगाडीची वाट अडवली. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं अशी वाट मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. पण आदेश हाती पडेपर्यंत वापसा निघून जातो, आणि एखाद्या वावरात तोवर कुऱ्हाड निघालेली असते. समोरासमोर असतात ते बहुतेकदा चुलतभाऊ.

अशा वेळी बुद्धाचं नाव घेऊन सांगितलं जातं, राग गिळा, मन शांत ठेवा. ज्याची वाट अडली त्यालाच शांत बसवणारा हा सल्ला मला मान्य नाही. अडवणाऱ्याचं त्यात आयतंच फावतं.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्यांच्या निधनानंतर 1957 साली आला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही गोष्ट त्यांनी त्यात नाकारली. त्यांनी कारण दिलं ते पाण्याच्या भांडणाचं. रोहिणी नदी शाक्य आणि कोलीय यांच्या सीमेवर. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी झाली, माणसं जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीनं त्यांच्या संघाच्या सभेत युद्धाचा ठराव मांडला, आणि अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ विरोधाला उभा राहिला. आगळीक आपल्याही माणसांनी केली आहे, हे तो भर सभेत बोलला. भावकीच्या बैठकीत हे एक वाक्य उच्चारून बघा, म्हणजे त्याला किती धैर्य लागतं ते कळेल. मग त्यानं तोड सुचवली: आपले दोन, त्यांचे दोन, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा. त्याची ही सूचना बहुमतानं फेटाळली गेली. लढायला नकार दिल्यावर घराण्यावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची धमकी आली. घरच्यांना झळ नको म्हणून त्यानं परिव्रज्या पत्करली.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगलाच होता. पण तंटे मिटवणारी समिती ग्रामसभेनं निवडायची, म्हणजे ज्याची भावकी मोठी त्याचं तिथं वजन. गावाच्या कडेला चार घरं असलेल्या माणसानं तिथं कुठल्या भरवशावर जायचं? सिद्धार्थाचा पाचवा माणूस बहुमताचा नव्हता. त्याच्या निवडीत दुबळ्या बाजूच्या दोघांचा आवाज बलवानांच्या दोघांइतकाच होता. रागाला कुऱ्हाडीशिवाय दुसरी वाट मिळते ती इथे.

तालुक्यातल्या पोलीस पाटलांना आणि तलाठ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या हंगामात धुऱ्याची तक्रार आली की मोजणीच्या तारखेची वाट बघत बसू नका. दोन्ही घरांकडून दोन-दोन नावं लिहून घ्या, आणि पाचवं नाव त्या चौघांनाच ठरवू द्या.